घर खरेदीतील उपाध्यांचा अर्थ : कार्डावरचे पद कायद्याने दिलेले, संस्थेने दिलेले की स्वतःच घेतलेले?

मुंबई : घर पाहायला निघालेल्या कुटुंबाच्या हाती आठवडाभरात अनेक व्हिजिटिंग कार्डे जमा होतात. एकावर 'चॅनेल पार्टनर' असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट', तिसऱ्यावर 'शासनमान्य मूल्यांकक'. कोणी 'चार्टर्ड इंजिनिअर' असतो, कोणी 'रिअल्टर', तर कोणी 'लीगल अॅडव्हायझर'. नावापुढे इंग्रजी आद्याक्षरांची रांग आणि खाली एखाद्या संस्थेचे बोधचिन्ह. ही सारी कार्डे दिसायला सारखीच भारदस्त असली, तरी त्यांमागील जबाबदारी सारखी नसते.

समजा, नोकरीनिमित्त इंदूरमध्ये स्थिरावलेले एक मराठी कुटुंब तेथील वडिलोपार्जित घर विकून पुण्यात सदनिका घेण्याच्या विचारात आहे. घर विकून आलेले पैसे आणि निवृत्तीची रक्कम एवढीच त्याची पुंजी. या व्यवहारात त्याची गाठ किमान सात-आठ व्यावसायिकांशी पडते आणि प्रत्येकाच्या शब्दावर किंवा सहीवर काही लाख रुपये पुढे सरकतात. यापैकी कोणाची सही चुकली तर त्याला जाब विचारता येतो आणि कोणाचा शब्द चुकला तर हात हलवत बसावे लागते, हे समजून घेण्यासाठी उपाध्यांचा उगम तपासावा लागतो.

ढोबळमानाने या उपाध्या तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार कायद्याने दिलेल्या उपाध्यांचा. त्यासाठी पात्रता ठरलेली असते, सार्वजनिक नोंदवही असते आणि गैरवर्तन केल्यास नोंदणी रद्द करणारे प्राधिकरण असते. दुसरा प्रकार व्यावसायिक संस्थांच्या सदस्यत्वाचा. तिसऱ्या प्रकारातील उपाधी व्यक्तीने स्वतःच स्वतःला दिलेली असते. म्हणूनच कोणतीही उपाधी समोर आली की एक प्रश्न उपयोगी पडतो : ही उपाधी काढून घेण्याचा अधिकार कोणाला आहे? उत्तर 'कोणालाच नाही' असे असेल, तर ती उपाधी केवळ ओळख करून देणारा शब्द ठरते.

एजंट : नावे अनेक, कायद्यातील व्याख्या एक

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच 'रेरा' कायदा, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. तोपर्यंत देशाच्या बहुतेक भागांत मालमत्तेची दलाली करण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नव्हती. हरियाणासारख्या राज्याने २००८ मध्ये मालमत्ता व्यावसायिक व सल्लागारांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. मात्र असे अपवाद थोडे होते.

रेरा कायद्याने एजंटाची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवली. मोबदला घेऊन खरेदीदार व विक्रेत्याची गाठ घालून देणारी, वाटाघाटी घडवून आणणारी व्यक्ती एजंट ठरते. मग तिला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा, प्रॉपर्टी डीलर म्हणा किंवा अन्य काही. त्यामुळे 'चॅनेल पार्टनर', 'सेल्स असोसिएट' किंवा 'वेल्थ पार्टनर' असे नाव घेतल्याने कायदेशीर जबाबदारी बदलत नाही.

कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड, सदनिका किंवा इमारतीच्या विक्रीत एजंट म्हणून काम करण्यापूर्वी नोंदणी बंधनकारक आहे. मिळालेला क्रमांक एजंटाने त्याच्यामार्फत होणाऱ्या प्रत्येक विक्रीत नमूद करावयाचा असतो. कलम १० त्याची कर्तव्ये सांगते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीला त्याने साह्य करता कामा नये, हिशेबाची पुस्तके ठेवली पाहिजेत, खोटी आश्वासने देता कामा नयेत आणि खरेदीदाराला ज्या कागदपत्रांचा हक्क आहे ती आरक्षणाच्या वेळी मिळवून दिली पाहिजेत. कलम ९ किंवा १० चा भंग केल्यास कलम ६२ नुसार भंग सुरू असेपर्यंत दररोज १० हजार रुपये दंड होऊ शकतो. ही रक्कम संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

मात्र या नोंदणीसाठी केंद्रीय कायद्याने शैक्षणिक पात्रता ठरवलेली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच महारेराने, २०२३ मध्ये एजंटांसाठी २० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. उत्तीर्ण झालेल्यांना सक्षमता प्रमाणपत्र मिळते आणि ते संकेतस्थळावर नोंदवावे लागते. वारंवार मुदत देऊनही प्रमाणपत्र न नोंदवणाऱ्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. त्यामुळे महाराष्ट्रात एजंटाकडे नोंदणी क्रमांक असणे पुरेसे नाही. ती नोंदणी आजच्या तारखेला वैध आहे का आणि सक्षमता प्रमाणपत्र आहे का, हे दोन्ही पाहावे लागते.

नोंदणी राज्यापुरतीच

इंदूरच्या कुटुंबाला येथे एक अडचण येऊ शकते. ओळखीचा, मध्य प्रदेशात नोंदणी असलेला एजंट 'पुण्यातील प्रकल्पही मीच दाखवतो' असे म्हणतो. परंतु रेरा कायद्यानुसार एजंटाची नोंदणी संबंधित राज्यासाठी किंवा केंद्रशासित प्रदेशासाठी असते. मध्य प्रदेशातील नोंदणीच्या आधारे महाराष्ट्रातील प्रकल्प विकता येत नाही. पुण्यात नोंदणी असलेल्या एजंटाला गोव्यातील प्रकल्प विकायचा असेल, तर गोव्यातील प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते.

कायदा केंद्राचा असला तरी अंमलबजावणी राज्यांच्या प्राधिकरणांकडे आहे. महारेराचे कार्यक्षेत्र महाराष्ट्रासह दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवपर्यंत आहे. हरियाणात गुरुग्राम आणि पंचकुला अशी दोन प्राधिकरणे आहेत. पश्चिम बंगालने रेराऐवजी २०१७ मध्ये स्वतःचा कायदा केला होता; तो सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०२१ रोजी घटनाबाह्य ठरवला. बेळगाव, वडोदरा, हैदराबाद किंवा दिल्लीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाने मालमत्ता ज्या राज्यात आहे, त्या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदवही पाहणे आवश्यक आहे.

जुन्या घरांच्या व्यवहारातील पोकळी

येथे एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. एजंटाच्या नोंदणीची सक्ती रेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे. तीस वर्षे जुन्या सोसायटीतील सदनिकेची फेरविक्री किंवा भाड्याचे घर मिळवून देणे ही कामे या सक्तीच्या बाहेर राहतात. इंदूरमधील वडिलोपार्जित घर विकून देणाऱ्या मध्यस्थाचीही स्थिती हीच.

अशा व्यवहारात मध्यस्थाचे काम बेकायदा ठरत नाही. मात्र काही बिघडले तर रेरा प्राधिकरणाकडे त्याच्याविरुद्ध दाद मागणे कठीण होते. त्यामुळे दलालीची रक्कम, ती कोणत्या टप्प्यावर द्यायची आणि व्यवहार फिसकटल्यास परत मिळणार का, हे लेखी ठरवणे हाच तेथील आधार. दोन्ही बाजूंकडून दलाली घेतली जात असेल, तर तेही आधीच विचारून घेणे शहाणपणाचे.

'बिल्डर', 'डेव्हलपर' आणि 'प्रवर्तक'

फलकावर 'बिल्डर', 'डेव्हलपर', 'रिअल्टी' किंवा 'इन्फ्रा' असे काहीही असले, तरी कायदा ज्याला जबाबदार धरतो त्याचे नाव 'प्रवर्तक' आहे. कायद्याच्या व्याख्येत बिल्डर, कॉलनी वसवणारा, कंत्राटदार, विकासक, तसेच जमीनमालकाचे मुखत्यारपत्र असल्याचा दावा करणारा या सर्वांचा समावेश होतो. बांधणारा आणि विकणारा वेगवेगळे असतील, तर दोघेही संयुक्तपणे जबाबदार असतात.

५०० चौरस मीटरपेक्षा अधिक क्षेत्राच्या किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी प्रवर्तकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात संरचनात्मक दोष आढळला, तर तो ३० दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारीही त्याची असते. म्हणून पुस्तिकेवरील समूहाच्या प्रसिद्ध नावापेक्षा प्राधिकरणाच्या नोंदीत प्रवर्तक म्हणून कोणत्या कंपनीचे नाव आहे, हे महत्त्वाचे. अनेकदा प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी किंवा भागीदारी संस्था स्थापन केलेली असते आणि करार तिच्याशीच होतो.

जाहिरातींतील 'रेरा मान्यताप्राप्त' हा शब्दप्रयोगही दिशाभूल करणारा आहे. प्राधिकरण प्रकल्पाची नोंदणी करते, प्रवर्तकाने दिलेली माहिती लोकांसमोर ठेवते. बांधकामाच्या दर्जाची किंवा किमतीची हमी देत नाही.

वास्तुविशारद : उपाधीला संरक्षण

'आर्किटेक्ट' हा शब्द मात्र कोणालाही वापरता येत नाही. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच ही उपाधी लावण्याचा अधिकार आहे. नोंदणी क्रमांकात 'सीए', नोंदणीचे वर्ष आणि अनुक्रमांक असतो. हा 'सीए' सनदी लेखापालाशी संबंधित नाही, परिषदेच्या इंग्रजी नावातून आलेला आहे.

या संरक्षणाची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी नोएडा प्राधिकरणातील पदांशी संबंधित प्रकरणात स्पष्ट केली. कायद्याचे कलम ३७ 'वास्तुविशारद' या उपाधीच्या वापराला मनाई करते. नोंदणी नसलेल्यांना आरेखनाशी संबंधित काम करण्यास मनाई करत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्याचबरोबर अशी नोंदणी नसलेल्या व्यक्ती ज्यावर नेमल्या जाऊ शकतात, त्या पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' शब्द वापरता येणार नाही, असेही बजावले. थोडक्यात, संरक्षण नावाला आहे, संपूर्ण कामाला नाही. अर्थात, पालिकेकडे आराखडे सादर करण्यासाठी स्थानिक विकास नियंत्रण नियमांनी ठरवलेली पात्रता लागतेच.

या कायद्यातील दंड १९७२ च्या काळातलाच वाटावा असा आहे. उपाधीच्या गैरवापरासाठी मूळ तरतुदीत पहिल्या वेळी कमाल ५०० रुपये दंडाची शिक्षा होती. 'इंटिरिअर डिझायनर' या शब्दाला तेवढेही वैधानिक संरक्षण नाही.

अभियंता : पदवी आणि परवाना यांतील अंतर

देशात डॉक्टर किंवा वकिलांप्रमाणे सर्व अभियंत्यांची नोंदणी बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा नाही. 'चार्टर्ड इंजिनिअर' ही उपाधी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही संस्था आपल्या पात्र सदस्यांना देते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला १९३५ मध्ये राजसनद मिळाली; 'चार्टर्ड' हा शब्द तेथून आला. ही उपाधी मानाची आहे, परंतु ती असलेली व्यक्ती स्थापत्य अभियंताच असेल असे नाही. यंत्र किंवा विद्युत शाखेचा अभियंताही 'चार्टर्ड' असू शकतो.

इमारतीच्या बाबतीत महत्त्वाचा असतो तो संरचना अभियंता. त्याची नोंदणी किंवा परवाना स्थानिक नियोजन प्राधिकरणाच्या नियमांनुसार होतो. त्याच्या सहीचे वजन सर्वाधिक जाणवते ते जुन्या इमारतींमध्ये. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ बी नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी पालिकेकडे नोंदणीकृत असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. अहवालात इमारत 'सी-१' श्रेणीत, म्हणजे राहण्यास धोकादायक व पाडण्यायोग्य ठरली, तर रहिवाशांना घरे रिकामी करावी लागतात. रहिवासी आणि मालकाने आणलेले अहवाल परस्परविरोधी असतील, तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. एका सहीवर शेकडो लोकांचा निवारा ठरत असल्याने त्या अभियंत्याचा परवाना वैध आहे का आणि त्याला नेमले कोणी, हे दोन्ही प्रश्न रास्त ठरतात.

पुनर्विकासात आणखी एक उपाधी वारंवार कानावर पडते : 'पीएमसी', म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्देशांत सोसायटीने वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमण्याची प्रक्रिया आहे. तथापि 'पीएमसी' ही कोणत्याही परिषदेने बहाल केलेली उपाधी नाही. सल्लागार संस्थेत वास्तुविशारद कोण, अभियंता कोण आणि अहवालावर प्रत्यक्ष सही कोणाची, हे सोसायटीने विचारायला हवे.

'शासनमान्य मूल्यांकक' म्हणजे काय?

मूल्यांककाच्या शिक्क्यावरील 'शासनमान्य' हा शब्द बहुतेकदा संपत्ती कर कायदा, १९५७ च्या कलम ३४ एबी खालील नोंदणीकडे निर्देश करतो. आकारणी वर्ष २०१६-१७ पासून संपत्ती कर बंद झाला, मात्र ही नोंदणी आणि तिचा शिक्का आजही व्यवहारात दिसतो. सरकारने मूल्यांककाची नोंदणी केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याने काढलेल्या किमतीला सरकारची मान्यता आहे, असा नव्हे.

दुसरी आणि अलीकडची नोंदणी कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ खालील आहे. २०१७ च्या नियमांनुसार भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ ही नोंदणी करते. मालमत्तेचे तीन वर्ग आहेत : जमीन व इमारत, संयंत्र व यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता. जमीन व इमारतीच्या वर्गासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा नगररचना यांसारख्या विषयातील शिक्षण, ठरावीक वर्षांचा अनुभव, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि मंडळाची परीक्षा या पायऱ्या आहेत. ज्या मालमत्तेत आपले हितसंबंध आहेत, तिचे मूल्यांकन करण्यास कायदा मनाई करतो. येथे वर्ग तपासणे अगत्याचे ठरते. रोख्यांच्या वर्गातील नोंदणीकृत मूल्यांकक 'रजिस्टर्ड व्हॅल्युअर' असला, तरी त्याची नोंदणी वाड्याच्या किंवा बंगल्याच्या मूल्यांकनासाठी नसते.

इंदूरच्या कुटुंबाला मूल्यांककाची गरज प्रथम विक्रीच्या वेळीच पडेल. १ एप्रिल २००१ पूर्वीची मालमत्ता विकताना भांडवली नफा मोजण्यासाठी त्या तारखेचे वाजवी बाजारमूल्य धरण्याची मुभा प्राप्तिकर कायद्यात आहे आणि त्यासाठी मूल्यांककाचा अहवाल घेतला जातो. हे मूल्य त्या तारखेच्या मुद्रांक शुल्क मूल्याहून, ते उपलब्ध असल्यास, अधिक धरता येत नाही. 'किंमत वाढवून देतो, कर वाचेल' असे सांगणाऱ्या मूल्यांककापासून म्हणूनच सावध राहावे.

मूल्यांककाचे मूल्य आणि सरकारी दर यांतही गल्लत होते. महाराष्ट्रातील रेडी रेकनर, गुजरातमधील जंत्री, दिल्लीतील सर्कल रेट, कर्नाटकातील मार्गदर्शी मूल्य आणि मध्य प्रदेशातील कलेक्टर गाइडलाइन हे मुद्रांक शुल्कासाठीचे दर आहेत. ते विशिष्ट घराच्या अवस्थेचे मूल्यांकन नव्हे. तसेच बँकेच्या पॅनेलवरील मूल्यांकक बँकेला उत्तरदायी असतो. कर्ज बुडाल्यास तारणातून किती वसूल होईल, हा बँकेचा प्रश्न. दिलेली किंमत योग्य आहे का, हा खरेदीदाराचा प्रश्न. 'बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे सगळे ठीक' हा समज येथेच चुकतो.

वकील, 'लीगल अॅडव्हायझर' आणि नोटरी

मालकीहक्काचा शोध हा खरेदीतील सर्वात नाजूक भाग. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार नोंदी, दुय्यम निबंधक कार्यालयातील साधारण ३० वर्षांचे दस्त आणि प्रलंबित दावे तपासून शोध अहवाल तयार होतो. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली करण्याचा अधिकार राज्य वकील परिषदेची सनद असलेल्यालाच आहे. 'लीगल अॅडव्हायझर' किंवा 'डॉक्युमेंटेशन एक्सपर्ट' असे कार्ड असलेल्याकडे सनद असेलच असे नाही. अहवालावर वकिलाचे नाव, सनद क्रमांक, सही आणि कोणती कागदपत्रे तपासली याची यादी नसेल, तर त्या अहवालाचा आधार कच्चा राहतो. अहवाल प्रवर्तकाच्या वकिलाचा असेल, तर खरेदीदाराने स्वतःचा वकील नेमणे केव्हाही श्रेयस्कर.

नोटरीच्या लाल शिक्क्याचा धाक आणि विश्वास दोन्ही मोठे आहेत. नोटरी अधिनियम, १९५२ नुसार नोटरी नेमला जातो आणि सही करणारी व्यक्ती आपल्यासमोर आली होती, अशा स्वरूपाचे प्रमाणीकरण करतो. त्याने मालकी हस्तांतरित होत नाही. १०० रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीसाठी नोंदणीकृत दस्त आवश्यक असतो. केवळ मुखत्यारपत्र, विक्रीचा करार व मृत्युपत्र यांच्या आधारे मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. 'नोटरी केलेले आहे' या वाक्यावर घर घेणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

तीन सह्या आणि ७० टक्के रक्कम

रेरा कायद्यात व्यावसायिकांच्या सह्यांना ग्राहकाच्या पैशाचे पहारेकरी बनवण्यात आले आहे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि ती बांधकाम व जमिनीच्या खर्चासाठीच वापरता येते. काम जितके झाले त्या प्रमाणातच पैसे काढले जात आहेत, असे अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांनी प्रमाणित करावे लागते. शिवाय आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत खात्याचे लेखापरीक्षण सनदी लेखापालाकडून करून घ्यावे लागते.

महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाच्या पानावर ही प्रमाणपत्रे पाहता येतात : पहिला नमुना वास्तुविशारदाचा, दुसरा अभियंत्याचा, तिसरा सनदी लेखापालाचा. खरेदीदारांनी ती उघडून पाहण्याजोगी आहेत. प्रत्यक्ष जागेवर पाचवा मजला चढत असेल आणि प्रमाणपत्रात नववा पूर्ण झालेला दिसत असेल, तर प्रश्न विचारण्याचे कारण तेथेच मिळते.

सनदी लेखापालाची सही पडताळण्याचा मार्ग सोपा आहे. सनदी लेखापाल संस्थेने २०१९ पासून प्रमाणपत्रांवर 'यूडीआयएन' हा १८ अंकी क्रमांक बंधनकारक केला आहे. संस्थेच्या संकेतस्थळावर तो टाकला की प्रमाणपत्र खरोखर त्याच सदस्याने दिले आहे का, हे कळते.

संस्थांची सदस्यत्वे : मोल आहे, अधिकार नाही

क्रेडाई आणि नरेडको या विकासकांच्या संघटना आहेत. त्यांच्या आचारसंहिता असतात, तक्रार निवारणाची व्यवस्थाही असते. परंतु सदस्यत्व हा सरकारी परवाना नाही. 'एमआरआयसीएस' आणि 'एफआरआयसीएस' ही लंडनमध्ये १८६८ साली स्थापन झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स या संस्थेची सदस्यत्वे. ती अभ्यास व अनुभवाची खूण आहेत, मात्र भारतीय कायद्याखालील नोंदणीची जागा घेत नाहीत.

'रिअल्टर' शब्दाची कथा वेगळी आहे. अमेरिकेत तो नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या संघटनेचा व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेला शब्द असून तिच्या सदस्यांनीच तो वापरायचा असतो. आपल्याकडे मात्र विकासक कंपन्यांच्या नावांपासून गल्लीतील कार्यालयाच्या पाटीपर्यंत तो सर्रास दिसतो आणि त्यावरून पात्रतेचा बोध होत नाही. 'आयएसओ प्रमाणित बिल्डर' या दाव्याबाबतही असेच. आयएसओ ९००१ हे व्यवस्थापन पद्धतीचे मानक आहे. भिंतीला ओल येणार नाही, याची ती ग्वाही नव्हे.

पडताळणी कशी करावी?

कार्ड हाती आल्यावर पुढील बाबी विचाराव्यात :

• नोंदणी क्रमांक कोणता आणि तो कोणत्या प्राधिकरणाचा? महारेराकडील प्रकल्पांचा क्रमांक 'पी'ने, तर एजंटांचा 'ए'ने सुरू होतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रातील प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे.

• नोंदणी या राज्याची, या वर्गाची आणि आजच्या तारखेला वैध आहे का? हे कार्डावरून किंवा फोटोवरून ठरवू नये; नोंदवही स्वतः उघडून पाहावी.

• नोंदणी कंपनीच्या नावावर आहे की समोरच्या व्यक्तीच्या? अहवालावर प्रत्यक्ष सही कोण करणार?

• त्याचे शुल्क कोण देत आहे? प्रवर्तक, बँक की आपण?

• चूक झाल्यास तक्रार कोठे करता येईल? नोंदणीकृत एजंटाविरुद्ध रेराच्या कलम ३१ नुसार, वास्तुविशारदाविरुद्ध वास्तुकला परिषदेकडे, वकिलाविरुद्ध राज्य वकील परिषदेकडे, सनदी लेखापालाविरुद्ध त्यांच्या संस्थेकडे आणि कंपनी कायद्याखालील मूल्यांककाविरुद्ध नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे जाता येते.

उपाधी नसलेला प्रत्येक मध्यस्थ अप्रामाणिक असतो, असे नाही. वर्षानुवर्षे एकाच वस्तीत व्यवहार करणाऱ्या माणसाची माहिती कित्येकदा अचूक असते. तसेच नोंदणीकृत व्यावसायिकाकडूनही चूक होते. फरक चूक झाल्यानंतर पडतो. नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीला उत्तर द्यावे लागेल असे एक दार तरी उघडे असते. केवळ कार्डावर नाव असलेल्या व्यक्तीबाबत बहुतेकदा पोलिस ठाणे किंवा दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो.

इंदूरच्या त्या कुटुंबाने पुण्यात बुकिंगचा धनादेश लिहिण्यापूर्वी हाती आलेल्या कार्डांचे तीन गठ्ठे करावेत : कायद्याची नोंदणी असलेली, संस्थेचे सदस्यत्व असलेली आणि केवळ नाव असलेली. माहिती तिन्ही गठ्ठ्यांतून घेता येईल. ज्याच्या सहीवर पैसे पुढे सरकणार आहेत, ती व्यक्ती मात्र पहिल्या गठ्ठ्यातलीच असावी.